वाटाड्या : निरंक

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

एकच शब्द लिहिलात, तोही खाली उजव्या कोपऱ्यात. छापील प्रमाणपत्रावर 'वाटाड्याचे नाव' असा रकाना होता आणि त्यापुढं निळ्या पेनानं तुम्ही लिहिलंत, 'निरंक'. खाली सही ठोकलीत. तीनशे माणसांनी कानांनी ऐकलेली गोष्ट तुम्ही एका शब्दात पुसून टाकलीत. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. रिकामा रकाना कसा लागतो ते तुम्हालाही कळू दे.

अकरा वर्षं झाली. त्या सकाळी, दगडांवरून गाडी चढवायच्या तुमच्या स्पर्धेसाठी, सोनमाळाच्या बंद खाणीच्या तोंडाशी मी ट्रकवरून गाडी खाली उतरवली आणि दोरीपलीकडच्या गर्दीतून पहिली हाक आली.

"आली रे आली, कोंबडी आली!"

ते नाव मी ठेवलेलं नाही. एका पोल्ट्रीवाल्याची ती जुनी पिकअप. चौदा वर्षं कोंबड्या वाहून तिचा हौदा कुजला होता, चेसिसला दोन जागी तडा होता. भंगारवाल्याच्या दारातून मी ती उचलली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि कराडला एका दुकानात खिडक्यांच्या ग्रिल वेल्डिंग करत होते. गाडी किती वेळा धुतली याचा हिशोब नाही. ऊन लागलं की हौद्यातून पिसांचा वास यायचाच.

दीड वर्ष रविवारी-रविवारी खपले. मूळची गाडी मागच्या दोन चाकांवर ओढणारी, पुढची चाकं नुसती वळायला. मोडीत निघालेल्या एका जीपचं पुढचं हाउसिंग, म्हणजे चाकांना जोर देणारा आख, तिच्याखाली बसवलं, तेव्हा चारही चाकं ओढायला लागली. स्प्रिंगचे पाटे हाउसिंगच्या खालून काढून वर घेतले, गाडी वीतभर उंच झाली. प्रत्येक पाट्यातली दोन-दोन पानं काढली, कारण कडक पाट्याची गाडी दगडावर उड्या मारते आणि मऊ पाट्याची गाडी पाय टाकते. मागचा डिफरन्शियल मी आतून वेल्ड करून टाकला. साध्या रस्त्यावर तो भाग कामाचा असतो, वळताना एक चाक जास्त फिरतं, एक कमी. पण दगडावर एक चाक हवेत गेलं की तो सगळा जोर त्या हवेतल्या चाकाला देतो आणि जमिनीवरचं चाक बिचारं बसून राहतं. ज्याचा पाय जमिनीवर आहे त्यालाच जोर मिळू द्यायचा नाही, हा कारभार मी बाहेर खूप बघितला होता. माझ्या गाडीत चालू देणार नव्हते.

गिअरबॉक्सचं काम लेथवाल्या इस्माईलभाई मुजावरांनी केलं. एका गिअरबॉक्सच्या मागं दुसरा जोडला. आता इंजिन बोंबलायचं आणि चाक मुंगीसारखं सरकायचं.

"एवढी हळू गाडी करून करणार काय तू?" भाई म्हणाले. "चालत गेलीस तर लवकर पोचशील."

"चालत जाणाऱ्याला प्रमाणपत्र देत नाहीत, भाई."

"मग आम्हाला कसं मिळालं नाही आजपर्यंत ते आत्ता कळलं."

आणि वाटाड्या होता माझा बाप. तिम्मा यल्लप्पा अलकुंटे. आम्ही वडार. दगड फोडणं, घडवणं, जात्या-पाट्याला टाकी लावणं हे आप्पाचं आयुष्य. या खेळात गाडीच्या पुढं एक माणूस लागतो. चालकाला बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही, चाक कुठं टेकलंय ते कळत नाही. पुढचा माणूस हातानं खुणा करतो, इकडं घे, तिकडं घे, थांब. शहरातली पोरं त्याला स्पॉटर म्हणतात, तुमच्या अर्जात वाटाड्या होता.

आप्पाला हातवारे जमले नाहीत. ओढ्यात सराव करताना त्यानं दोन दिवस हात हलवले आणि तिसऱ्या दिवशी सुतकी काढली. सुतकी म्हणजे आमचा दगडावरचा हातोडा. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके, डावीकडं. तीन ठोके, उजवीकडं. आणि बारीक बारीक सलग ठोके म्हणजे ये, ये, ये. त्यानं हे नव्यानं शोधलेलं नव्हतं. क्रशर चालू असला की खाणीत माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. वर उभा राहून एकजण सुतकीनं ठोके द्यायचा आणि खालचे बारा जण पहारी लावून खोलीएवढा दगड त्या ठोक्यांवर सरकवायचे. तो वरचा माणूस आप्पा असायचा. सोनमाळाच्याच खाणीत. मी सहा वर्षांची असेपर्यंत आम्ही तिथंच, खाणीच्या कडेला पालात राहायचो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्यांना मार्ग पायी बघायची परवानगी होती. अर्ज त्याच दिवशी भरला. टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "वाटाड्या?"

आप्पा पुढं झाला. "माझं नाव येनार का ह्यात?"

"येणार की, बाबा. चालक आणि वाटाड्या, दोन नावं. गाडी वर गेली तर प्रमाणपत्रावर दोन्ही लिहून मिळतात."

आप्पानं माझ्याकडं वळून सांगितलं, "नीट लिव्ह. तिम्मा यल्लप्पा अलकुंटे. यल्लप्पा राहू देऊ नगं."

मी लिहिलं. त्यानं ते मला तीनदा वाचून दाखवायला लावलं. त्याला वाचता येत नव्हतं. पण तिसऱ्यांदा ऐकताना त्यानं मान अशी हलवली की मी मनात ठरवलं, गाडी मोडली तरी चालेल, हे नाव वर न्यायचं.

मग आम्ही मार्ग बघत गेलो. पाच फाटकं होती, म्हणजे झेंडे लावलेल्या दोन-दोन काठ्या, त्यांच्या मधून गाडी काढायची. शेवटचं फाटक खाणीच्या सगळ्यात वरच्या कातळावर. तिथं जायला एक मोठी शिळा तिरपी पडलेली होती, घराच्या छपरासारखी, आणि तिच्यावर तुमच्या माणसांनी पिवळे बाण रंगवले होते. आप्पा अनवाणी शिळेवर चढला. टाच आपटली. सुतकीनं एक ठोका दिला, चार पावलं पुढं जाऊन दुसरा. पहिला ठण्णकन वाजला, दुसरा बद्द. त्यानं अंगठ्यानं माती उकरली. दगडात एक भोक होतं. पुढं दुसरं. तिरप्या रेषेत, वर चढत जाणारी सात.

"ही माझी हायत," आप्पा म्हणाला.

"कशावरून?"

त्यानं दोन भोकांच्या मधे वीत टाकली आणि पुढं दोन बोटं टेकवली. पुढच्या दोन भोकांतही तसंच. सगळीकडं तेच माप.

"पाचरी ठोकायच्या ऱ्हायल्या हुत्या. दुसऱ्या दिवशी ठोकणार हुतो. रातीत खाण बंद झाली."

तुम्ही तिथंच होतात, साहेब. टोपी, गॉगल, गळ्यात शिट्टी. आप्पा तुमच्याजवळ गेला.

"सायेब, ह्या शिळेवरनं गाडी घालू नगा. पाचरीची भोकं हायत. वीस पावसाळं पानी मुरलंय त्यात. वजन आलं की हितनं उलनार."

"बाबा, तज्ज्ञांनी तपासलंय सगळं."

"कवा बघितलं त्यांनी?"

"गेल्या आठवड्यात."

"म्या वीस वरसामागं बघितलंय. आतनं."

तुम्ही हसलात आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागलात. परत येताना आप्पानं मला शिळेच्या डाव्या अंगाला, झुडपांच्या मागं एक अरुंद पट्टा दाखवला. कातळात कोरलेली चढण, चाकाच्या रुंदीपेक्षा थोडीशीच जास्त, मातीनं बुजलेली.

"ही पाटीची वाट. तुझी आय डोक्यावर पाट्या घिऊन हितनं चढायची. मीच कोरलीया. ही न्हाय फुटायची."

आई स्पर्धेला आली नाही. त्या खाणीत मी परत पाय ठेवणार नाही, असं तिनं सकाळी भाकरी बांधताना सांगितलं.

तर त्या सकाळी, कोंबडी आली कोंबडी आली चालू असताना, तुम्ही आमच्यासमोर येऊन थांबलात.

"हे कोण?"

"वाटाड्या. माझे वडील. अर्जात नाव आहे."

"बूट कुठायत यांचे?"

आप्पानं आपल्या पायांकडं असं बघितलं, जसं काही बूट तिथं असायला हवे होते आणि कुणीतरी नेले. "सायेब, बूट घातलं की मला ऐकाय येत न्हाय."

लोक हसले. तुम्हीही. "पायानं ऐकता तुम्ही?"

"दगूड पायाखाली आसतुय. मग कशानं ऐकू?"

"ते काही नाही. सुरक्षेचा नियम आहे. बूट नसतील तर दोरीच्या आत पाय नाही ठेवायचा."

शेजारच्या लाल जीपवाल्यानं, शौनक देवधरनं, स्वतःचे जादा बूट आणून दिले. तो मागच्या दोन वर्षांचा विजेता. गाडीवर त्याचा खर्च माझ्या सगळ्या हयातीच्या कमाईएवढा असेल, पण पोरगा सरळ होता. "काका, हे घाला. थोडे मोठे होतील."

आप्पानं बूट घातले. दहा पावलं बदकासारखा चालत पहिल्या दगडापर्यंत गेला. तिथं बसला, बूट काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात अडकवले आणि उभा राहिला.

तुमची शिट्टी वाजली. "अहो! बूट!"

"आनलेत की, सायेब. कुटं घालायचं ते नियमात लिवलंय का?"

गर्दी फुटली नुसती. कुणीतरी शिट्ट्या मारल्या. तुमचा चेहरा तापला आणि मला वाटतं, सगळं तिथंच ठरलं. भोकांची गोष्ट तुम्ही माफ केली असती. हसं झालेलं तुम्ही माफ केलं नाहीत.

"दोरीच्या बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

"दोरीच्या भाईर कुटं हुबा ऱ्हाऊ?"

"कुठंही उभे राहा. आत दिसता कामा नये."

हे वाक्य लक्षात ठेवा, साहेब. ते तुमचं आहे.

"मग माझा वाटाड्या?" मी विचारलं.

"वाटाड्याशिवाय जायचं तर जा. नाहीतर नाव मागं घ्या."

आप्पानं गळ्यातली गाठ सोडली. बूट शौनकच्या हातात दिले, सुतकी खांद्यावर टाकली आणि दोरीच्या बाहेरून खाणीच्या कडेकडं चालत गेला. बासष्ट वर्षांचा माणूस, पण कातळ चढताना त्याचा हात कुठं टेकला नाही.

पहिल्या दोन गाड्या तिसऱ्या फाटकात अडकल्या. तिसरा नंबर शौनकचा. चार फाटकं त्यानं पाणी प्यायल्यासारखी काढली. शिळेच्या पायथ्याशी आल्यावर वरून, खाणीच्या काठावरून एक ठोका ऐकू आला. एकच. ठण्ण. थांब. शौनकला ती भाषा माहीत नव्हती. त्यानं पिवळ्या बाणांवर चाकं घातली. पुढची चाकं शिळेच्या मधावर गेली आणि एक आवाज आला. मोठा नव्हता. वाळलेलं लाकूड मोडावं तसा. शिळा सातही भोकांच्या रेषेत सुरीनं कापल्यासारखी उलली, वरचा भाग तिथंच राहिला, खालचा घसरला आणि लाल जीप त्याच्यासकट खाली येऊन आडवी झाली.

शौनक आतून रांगत बाहेर आला. कोपर खरचटलेलं, बाकी धड. त्यानं पहिल्यांदा वर काठाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काकांनी सांगितलं होतं ना कालच?"

"सांगितलं होतं. तुला नव्हे. साहेबांना."

भोंग्यावरून तुमचा आवाज आला, "दगड सरकणं हा या खेळाचाच एक भाग आहे, मित्रहो." राहिलेल्या चौघांनी नावं मागं घेतली. जीप ओढून बाजूला झाली. मग तुम्ही माझ्याकडं आलात, आवाज मऊ करून.

"ताई, तुम्हीही थांबा. वाट राहिली नाही आता."

"शेवटचं फाटक उभं आहे का?"

"आहे. पण वाट..."

"नियमात वाट लिहिलीये की फाटक?"

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उत्तर न द्यायची तुमची सवय तेव्हापासूनची आहे. मी चारही चाकांची हवा सोडली, इतकी की टायर पोट टेकून बसले. मऊ टायर दगडाला धरतो. इस्माईलभाईंनी माझ्या सीटचा पट्टा ओढून बघितला.

"आता उशिरा पोचलीस तरी चालेल," ते म्हणाले. "पोच फक्त."

चार फाटकं मी ठोक्यांवर काढली. वर काठावर आप्पा गाडीबरोबर सरकत होता आणि ठोके येत होते. दोन. दोन. ये ये ये. थांब. तीन. लोकांना आधी कळलं नाही. वाटलं कुणी म्हातारा दगड फोडतोय. मग कळलं की ठोका पडला की कोंबडी वळते, ठोका पडला की थांबते, आणि दोरीच्या कडेनं कुजबुज धावत गेली.

पाचव्या फाटकाखाली मी डावं चाक झुडपात घातलं. माती सरकली आणि टायरला कातळ लागला. पाटीची वाट. डावी चाकं आईच्या वाटेवर, उजवी चाकं फुटलेल्या शिळेच्या अंगावर. गाडी इतकी कलली की माझ्या खिडकीतून मला नुसतं आभाळ दिसायचं. अर्ध्यावर गेले आणि तुमचा भोंगा सुरू झाला.

"चालकानं धोका पत्करलेला आहे... चालकानं मागं यावं... चालकानं..."

मला ठोका ऐकू येईना. मी ब्रेक दाबून धरला. मागं जायला जागा नव्हती, पुढं काय आहे ते दिसत नव्हतं. मी खिडकीतून डोकं काढून बोंबलले, "भोंगा बंद करा! मला ऐकू द्या!"

भोंग्याची वायर शौनकनं उपटली. मी पाहिलं नाही, नंतर कळलं. मला फक्त एवढं कळलं की भोंगा मेला. मग गर्दीचा आवाज मेला. कुणीतरी "श्श" केलं, कुणीतरी पोराच्या तोंडावर हात ठेवला. तीनशे माणसं गप्प उभी राहिली आणि त्या अख्ख्या खाणीत माझ्या इंजिनाची घरघर आणि एका सुतकीचा आवाज, एवढंच उरलं.

एक ठोका. थांब.

मी थांबले. गाडी हळूहळू खाली घसरत होती, बोटभर, बोटभर. माझं सगळं अंग सांगत होतं, गॅस दे. आप्पाचा ठोका सांगत होता, थांब. वर काठावर तो पुढं जाऊन दगड वाजवत होता, ठण्ण, मग पुढं, ठण्ण, मग बद्द, मग ठण्ण. तो माझ्याशी बोलत नव्हता, दगडाशी बोलत होता. ते संपलं आणि तीन ठोके आले.

उजवीकडं.

उजवीकडं मला फक्त आभाळ दिसत होतं. बॉनेट आणि आभाळ. डावीकडं निदान वाट होती, आईची वाट, पायाखालची. आणि तो म्हणत होता उजवीकडं. मी एकदाच मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, बघून सांगतोयस ना रं?" त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पुन्हा तीन ठोके आले, आधीपेक्षा जोरात. रागावल्यासारखे.

मी स्टिअरिंग उजवीकडं तोडलं आणि क्लच सोडला.

उजवं चाक हवेत गेलं, फिरलं, आणि खाली येऊन एका खाचेत बसलं. शिळा फुटली तेव्हा वर राहिलेल्या अर्ध्या भागात भोकांच्या अर्ध्या पन्हळी उघड्या पडल्या होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. वीत आणि दोन बोटं, वीत आणि दोन बोटं. चाकाचे दात त्यात बसले. आणि मग ते आले, बारीक बारीक सलग. ये, ये, ये, ये. कोंबडी चढली, साहेब. एक एक भोक मोजत चढली. सातवं भोक गेलं, नाक आभाळातून खाली आलं आणि समोर दोन झेंडे दिसले आणि त्यांच्या मागं, दोरीच्या बाहेर, माझा बाप सुतकी धरून गुडघ्यांवर बसलेला.

खाली जो आवाज झाला तो मी आजही सांगू शकत नाही. "कोंबडी! कोंबडी! कोंबडी!" सकाळी ज्यांनी चिडवलं तेच घसा फाडत होते. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. त्या दिवशी वर पोचलेली एकच गाडी.

तुम्ही ट्रॉफी दिलीत. आप्पानं ती हातात घेतली, बोटानं वाजवून बघितली आणि मला हळूच म्हणाला, "पत्रा हाय." मग कागद पुढं केला. "ह्ये वाच."

मी वाचलं. "चालकाचे नाव, रेणुका तिम्मा अलकुंटे. वाटाड्याचे नाव..."

"वाच की."

"निरंक."

मी तुमच्याकडं धावले. आठवतं का? तुम्ही म्हणालात, "नियमानुसार मार्गात कुणी वाटाड्या नव्हता. जे नव्हतं ते मी कसं लिहू?" आणि गाडीत बसायला निघालात.

परत आले तर आप्पा तिथंच बसलेला. "ह्यो सबूद म्हाईत हाय मला," तो म्हणाला. पुढचं मला त्यानं कधी सांगितलेलं नव्हतं. "खाण बंद झाली तवा तपासनी झाली. चाळीस घरं हुती आमची हितं. वसवायची म्हनून यादी मागितली वरनं. तपासनीवाल्यानं लिवलं हुतं, खाणीवर कामगार, निरंक. मुकादमानं वाचून दावलं. म्या म्हनलं, निरंक म्हंजी कोन? आपल्यातला हाय का?" तो हसला. "मंग कळलं, म्हंजी आमीच."

तो साहेब वेगळा होता. अक्षरही वेगळं असणार. शब्द तोच.

मी कागद फाडणार होते. आप्पानं हात धरला. "ऱ्हाऊ दे. भाई, खडू हाय का?"

इस्माईलभाईंच्या खिशात लोखंडावर खुणा करायचा खडू कायम असतो. आप्पा मला घेऊन वरच्या कातळावर गेला, झेंड्यांच्या मागं. "लिव्ह. मोठं लिव्ह. यल्लप्पा राहू देऊ नगं."

मी लिहिलं. त्यानं पिशवीतून टाकी काढली, जात्याला लावतात ती, आणि माझ्या खडूच्या रेघेवर ठिपका ठिपका पाडत गेला. दुपार झाली. लोक जाईनात. शौनक पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसून राहिला. 'अलकुंटे'तला कुं चालू होता तेव्हा तुमची गाडी परत आली. कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार.

"बाबा, हे काय चालवलंय? सरकारी जागा आहे ही."

आप्पानं मानही वर केली नाही. "दोरीच्या भाईर हाय, सायेब. कुटंबी हुबा ऱ्हा म्हनला हुता."

माणसं इतकी हसली की खाण दोनदा हसली. तुम्ही काच वर केलीत आणि गेलात.

आप्पा आता त्र्याहत्तरचा आहे. अजून वाचता येत नाही, पण महिन्यातून एकदा मला गाडी काढायला लावतो, वर जातो आणि अनवाणी पायाच्या अंगठ्यानं ते नाव पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत चाचपतो. यल्लप्पाशी थोडा जास्त थांबतो. मागच्या वर्षी आईही आली. पाटीच्या वाटेनं चढली.

मी गप्प बसले असते. पण या वर्षी तुम्ही स्पर्धेची स्मरणिका छापलीत, गुळगुळीत कागदावर. सोळाव्या पानावर माझ्या कोंबडीचा फोटो आहे आणि खाली पुन्हा तेच : वाटाड्या, निरंक. मी तीन पत्रं पाठवली. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून हे चौथं सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

नियम मला सांगू नका, ते मला पाठ आहेत. मला एवढंच सांगा. वायर निघाली आणि भोंगा बंद झाला तेव्हा तुम्ही दुसरी वायर मागवली नाहीत. शिट्टी गळ्यात होती, ती वाजवली नाहीत. टोपी काढून हातात धरलीत आणि मान वर करून काठाकडं बघत उभे राहिलात. शौनकनं पाहिलंय, इस्माईलभाईंनी पाहिलंय. तीनशे माणसांबरोबर तुम्हीही श्वास धरून ऐकत होतात.

कुणाला ऐकत होतात, साहेब? नाव लिहून कळवा.